गंगव्वानं उडी मारली नव्हती

संक्रांत झाली की पहिल्या रविवारी आम्ही निपाणीहून खडकोळला चालत जायचो. आम्ही म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं. बेळगावचे शिक्षक, कोल्हापूरच्या वाचनवेड्या बायका, कॉलेजातली पोरं-पोरी, एखादा निवृत्त मामलेदार. खडकोळ हे विश्वासराव नाडगौडा यांचं गाव. त्यांची ‘वेदगंगेची लेक’ ही कादंबरी त्या काळात आमच्या भागातल्या घराघरात होती. कादंबरीतला ओढा, माळ, उंबराखालची पायऱ्यांची विहीर, सगळं खडकोळात जसंच्या तसं होतं. ते बघत तीन कोस चालायचं, एकेका जागी थांबायचं आणि त्या जागेचं वर्णन कादंबरीतून मोठ्यानं वाचायचं, असा कार्यक्रम. वाचणारा मी. निपाणीतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, लोक मला मास्तर म्हणायचे, आवाज बरा होता, आणि पदयात्रा समितीचा चिटणीसही मीच होतो.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात मी काही फार चांगला वागलेलो नाही.

कादंबरीची नायिका चंपा. गावकुसाबाहेरची, सावळी, डाव्या हाताला सहा बोटं असलेली. जमीनदाराचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो, घरचे आडवे येतात, आणि एका चांदण्या रात्री ती विहिरीत उडी घेते. त्या सहाव्या बोटातल्या चांदीच्या वळ्यावर विश्वासरावांनी दीड पान लिहिलं आहे. मी ते वाचायला लागलो की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. अठ्ठ्याहत्तर साली पहिली पदयात्रा निघाली तेव्हा आम्ही विहिरीवर लाकडी फलक लावला, ‘चंपेची विहीर’. लोक पायरीवर फुलं ठेवायचे, पणत्या लावायचे, फोटो काढायचे.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एक बाई वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीकडं झुकलेली, अंगाला तंबाखूचा वास. वखारीतनं थेट आलेली दिसत होती. मी विचारलं, काय काम आहे गं. तेव्हा असंच विचारत असे मी. वखारीतल्या बायकांना ‘अहो’ म्हणायची सवय आमच्या जिभेला नव्हती. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि सांगितलं की ‘वेदगंगेची लेक’ लिहिणाऱ्याचा पत्ता पाहिजे. पुस्तक नको, पत्ता.

त्या तानुबाई मधाळे.

तानुबाईंचा जन्म खडकोळचाच, तिथल्या महारवाड्यातला. बत्तीस-तेहतीस सालचा असेल. बाप सिद्राम गावकी करायचा, म्हणजे गाव सांगेल ती कामं, आणि नाडगौडांच्या वाड्यावर लाकडं फोडायचा. थोरली बहीण गंगव्वा, तानूपेक्षा सात वर्षांनी मोठी. मधली दोन मुलं जगली नाहीत. गंगव्वा गेली त्यानंतर वर्षाच्या आत सिद्रामनं खडकोळ सोडलं आणि बायकोला, तानूला घेऊन निपाणीत आला. दहाव्या वर्षी तानू तंबाखूच्या वखारीत लागली. चाळणी हातात आली ती पुढं चाळीस वर्षं सुटली नाही. भुकटी डोळ्यांत, नाकात, छातीत. भाकरीलासुद्धा तिचाच कडवट वास. लग्न झालं ते यल्लाप्पा मधाळे नावाच्या हमालाशी. गल्लीनं बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव उचलायला नवरा धजला नाही, म्हणून तानुबाईंनीच ते टोपलीत घालून वेदगंगेत सोडले. नवरा छातीच्या आजारानं अडुसष्ट साली गेला. मागं एक मुलगी, जया. जयाला वखारीचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही, एवढं एकच तानुबाईंनी ठरवलं आणि ते पाळलं.

जयामुळंच त्यांना कादंबरीचा पत्ता लागला. जया दहावीत होती. संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि जया चुलीशेजारी बसून मराठीचा धडा मोठ्यानं वाचत होती. धडा म्हणजे कादंबरीतला तोच शेवटचा भाग. उंबर आला तेव्हा तानुबाईंचं लक्ष गेलं नाही, उंबर कुठंही असतो. तळाकडं उतरताना डावीकडं वळणाऱ्या पायऱ्या आल्या तेव्हा हात जरा थांबला. डाव्या हाताचं सहावं बोट आलं आणि परातीतलं पीठ तसंच राहिलं. त्यांनी जयाला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. जयाला वाटलं आईला धडा आवडला.

“ह्यो गंगव्वाचा हात हाय,” त्या म्हणाल्या. “आनी हे सगळं खोटं हाय.”

आपल्याला एक मावशी होती हे जयाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. परीक्षेत प्रश्न आला, चंपेनं विहिरीत उडी का घेतली. जयानं लिहिलं, तिनं उडी घेतली नाही. त्या उत्तराला शून्य मिळालं. मास्तरांनी तिला वर्गात उभं करून विचारलं की धडा वाचला होतास का. ती म्हणाली, तीनदा.

हे सगळं तानुबाईंनी मला वाचनालयाच्या पायरीवर बसून सांगितलं. आत या म्हटलं तर आत आल्या नाहीत. मग खरी गोष्ट सांगितली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. ओठ मात्र पांढरे पडले होते.

एकेचाळीस सालचा उन्हाळा. महारवाड्याचं पाणी म्हणजे ओढ्यात उकरलेला झरा. तो आटला होता. नाडगौडांच्या मळ्यातल्या विहिरीला भरपूर पाणी होतं, पण तिथं उतरायची बंदी. विहिरीबाहेर उताराला दगडी डोण, म्हणजे पाण्याचं कुंड, होती, तिच्यापाशी भांडी घेऊन बसायचं आणि वरच्या जातीतल्या कुणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतणार. त्या दिवशी नाडगौडांच्या वाड्यात लग्न होतं. सिद्राम सकाळपासून लग्नाच्या स्वयंपाकाची लाकडं फोडायला गेला होता. घरात आई दोन दिवसांची बाळंतीण, अंगात ताप. गंगव्वा आणि तानू भांडी घेऊन डोणीपाशी बसल्या. लग्नघरच्या बायका खेपांवर खेपा नेत होत्या, पण कुणाला थांबायला सवड नव्हती. दुपार झाली. घरी आई पाणी पाणी करत असणार. गंगव्वानं तानूला तिथंच बस म्हणून सांगितलं, घागर उचलली आणि पायऱ्या उतरली.

घागर भरून ती अर्ध्या पायऱ्या वर आली होती तेवढ्यात कुणीतरी बघितलं. ओरडा झाला. लग्नाला आलेले पुरुष धावत आले, काठावर उभे राहिले आणि वरून दगड मारायला लागले. एक कानामागं बसला. ती घागरीसकट मागं पडली. पाण्यात पडली तेव्हा ती जिवंत होती, हात हलत होते. वर वीस-पंचवीस माणसं उभी होती. कुणी उतरलं नाही. सिद्रामला लाकडांवरनं बोलावून आणलं, कारण तिला हात कोण लावणार. त्या दिवशी मात्र त्याला विहिरीत उतरायची परवानगी मिळाली. त्यानं तिला वर आणलं तोवर सगळं संपलं होतं. मग विहीर बाटली म्हणून दोन दिवस मोटा लावून उपसली, गोमूत्र शिंपडलं, आणि महारवाड्याला महिनाभर डोणीपाशी यायचीही बंदी झाली. गावच्या कागदांत पाय घसरून मयत. दोन दिवसांचं ते मूलही आठवड्यात गेलं.

“काठावर नाडगौडाचं पोरगं हुबं व्हतं,” तानुबाई म्हणाल्या. “अठरा वर्साचं. पांढरी टोपी. दगूड न्हाय मारला त्यानं. नुस्तं बगत व्हतं. मी डोणीपाशी हुते, मला दिसत व्हतं. आता त्येच म्हनतंय, ती माज्यासाटी मेली.”

मी त्यांना म्हणालो, बघतो. पत्ता दिला नाही. समितीचे अध्यक्ष बेडकिहाळे वकील यांच्या कानावर मात्र घातलं. ते हसले. माणूस मोठा झाला की अशा गोष्टी निघतातच, म्हणाले. शिवाय कादंबरी म्हणजे काही पंचनामा नव्हे. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला सोपं गेलं.

ऐंशीच्या जानेवारीत पदयात्रा निघाली तेव्हा सकाळी सातला तानुबाई हजर. पांढरंशुभ्र लुगडं, पायात वहाणा, हातात काही नाही. वकिलांनी मला खुणेनं विचारलं ही कोण. मी खांदे उडवले.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना तंबाखू उभी होती, काही शेतांत पानं कापून वाळत घातलेली. उसाच्या फडातनं पाखरं उडत होती. लोक खुशीत होते. ओढ्यापाशी आम्ही थांबलो आणि मी नायकाला चंपा पहिल्यांदा दिसते तो उतारा वाचला, पाण्यात पाय सोडून बसलेली, गाणं गुणगुणणारी. शेजारच्या एका कोल्हापूरच्या बाईंना तानुबाई म्हणाल्या की हितं आमचा झरा व्हता. बाईंनी चौकशी केली, आणि तानुबाईंनी सरळ सांगितलं की चंपा म्हणता ती माझी बहीण.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला आजही घाम फुटतो. त्या बाईंनी तानुबाईंचे दोन्ही हात धरले. चंपेची बहीण, चंपेची बहीण, असं कुजबुजत सगळीकडं पसरलं. बायका भोवती गोळा झाल्या. ती खरंच इतकी सुंदर होती का. गाणं म्हणायची का. वळं चांदीचंच होतं ना. तानुबाई म्हणाल्या, पितळंचं व्हतं, आईनं घातलेलं. त्यावर एक बाई हळहळल्या की चांदीचं असायला हवं होतं. कॉलेजच्या पोरांनी फोटोसाठी रांग लावली. माळ ओलांडून विहिरीपर्यंत हा घोळका असाच चालला. तानुबाई मध्ये, मान ताठ. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो.

विहिरीपाशी कुणीतरी त्यांच्या हातात पणती दिली आणि पायरीवर बसा म्हणालं, फोटो चांगला येईल. त्यांनी पणती खाली ठेवली. बसल्या नाहीत. मग गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच. झरा, डोण, लग्न, दगड, बापाला बोलावणं. पाच-सात मिनिटं. उंबराखाली सव्वाशे माणसं, आणि एकाचाही हात आता कॅमेऱ्याकडं जात नव्हता.

बेडकिहाळे वकील पुढं आले. त्यांचा आवाज गोड होता, कोर्टात कमावलेला. बाई, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे, म्हणाले. पण आज आपण इथं कशासाठी जमलो आहोत. या मातीत मराठी कादंबरी जन्मली, हा भाग मराठी आहे, याचा हा पुरावा आहे. आपला सीमेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उद्या हे कानडी पेपरात छापून आलं तर कुणाचं नुकसान होईल? घरातली भांडणं आपण पुढं कधीतरी बघू.

“माजी भन मराठीतच मेली, वकीलसायब,” तानुबाई म्हणाल्या. “दगूड मारनारी समदी मराठीच बोलत व्हती.”

वकिलांनी माझ्याकडं वळून, चला, शेवटचा उतारा, असं सांगितलं. आणि मी वाचला. चांदण्या रात्रीचा, उडीचा, वळ्याचा. तानुबाई समोर उभ्या होत्या आणि मी दीड पान वाचत होतो. सरावानं आवाज जिथं कापायला हवा तिथं बरोबर कापला. वाचून झाल्यावर मान वर केली तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. तीन कोस एकट्या चालत परत.

घरी येऊन मी कोट काढला तेव्हा बायकोनं, शालूनं, विचारलं कसं झालं. चांगलं झालं म्हणालो. दुसऱ्या दिवशी वखार सुटायच्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. पन्नासेक बायका खोकत, डोकी झटकत बाहेर पडल्या. तानुबाईंनी मला बघितलं आणि सरळ पुढं गेल्या. मी मागोमाग जाऊन, तुम्ही म्हणून, माफी मागितली. त्या थांबल्या.

“तुमी काल वाचलं नसतं तर जीब झडली असती व्हय?” त्यांनी विचारलं. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

एक्याऐंशीला समितीनं रस्ता बदलला. विहिरीवर थांबायचं नाही, माळावरूनच परत फिरायचं. कारण म्हणून पायऱ्या धोक्याच्या झाल्यात असं छापलं. त्या वर्षी मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, सगळा हमरस्ता माणसांनी भरून गेला, आणि पुढच्या वर्षी पदयात्रा निघालीच नाही. दरम्यान वखारीतल्या बायकांनी युनियन धरली होती. तानुबाई तिच्या सभांना जायच्या. दोनशे बायकांपुढं उभं राहून बोलायची सवय त्यांना तिथं झाली. जया बेळगावला शिक्षिकेचं शिक्षण घेत होती, अनगोळला एका खोलीत राहायची, शनिवारी घरी यायची. मी चिटणीसपद सोडलं होतं, पण समितीत नाव होतं. तेही काढायचं धैर्य नव्हतं, हे कबूल केलेलं बरं.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत विश्वासराव नाडगौडा साठ वर्षांचे झाले. वकिलांनी ठरवलं की या वेळी खुद्द लेखकालाच घेऊन चालायचं, आणि अर्थातच विहिरीपर्यंत. ते पुण्याहून आले. उंच, गोरे, हातात वेताची काठी. मला ते आवडले, हे सांगायलाच हवं. सगळ्यांशी आदबीनं बोलत होते, वाटेतल्या झाडांची नावं सांगत होते. तीनशे माणसं होती.

आदल्या दिवशी मी तानुबाईंना जाऊन सांगून आलो होतो की ते येणार आहेत. मी एवढंच केलं.

त्या विहिरीवर आधीच येऊन उभ्या होत्या. सोबत जया. विश्वासराव पायऱ्यांच्या तोंडाशी आले, खाली बघितलं आणि काठीवर भार टाकून थांबले. बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात तानुबाई पुढं झाल्या. खडकोळात त्या घराण्याला सगळे मालक म्हणायचे. त्या म्हणाल्या नाहीत.

“नाडगौडा, मी सिद्रामाची तानू. गंगव्वाची भन. एकच इचारायचं हाय. त्या दिशी तुमी हितं हुबा व्हतासा का न्हाय?”

वकील मध्ये पडले. विश्वासरावांनी काठी जराशी उचलून त्यांना थांबवलं. विश्वासरावांचा चेहरा मला जवळून दिसत होता. तो गोंधळलेला नव्हता. ओळखीचं माणूस खूप वर्षांनी दारात यावं आणि त्याला आत घ्यायची इच्छा नसावी, तसा होता.

“होतो,” ते म्हणाले.

“तिनं उडी मारली?”

“नाही.”

“मग तसं का लिवलं?”

ते म्हणाले, वडील हयात होते. गाव होतं. खरं लिहिलं असतं तर कुणी छापलं नसतं. निदान तिचं काहीतरी उरावं असं वाटलं. ही सगळी वाक्यं ते खालच्या आवाजात, अडखळत बोलले. मला वाटतं ती खरी होती. पण तानुबाईंना त्यांच्या खरेपणाचं काही करायचं नव्हतं.

“मग लिवायचं न्हवतं,” त्या म्हणाल्या. “तिला तानेल्या आईसाटी पानी न्हेऊ दिलं न्हाईसा. मेल्यावर तिला तुमच्या पिरमात घातलासा. तिचं काय उरलंय वो ह्यात? एक बोट?”

जयानं आईचा हात धरला. दोघी निघाल्या. लोकांनी वाट करून दिली.

संध्याकाळी निपाणीत सत्कार झाला. विश्वासराव वास्तव आणि कल्पना यांच्या नात्यावर पाऊण तास फार सुंदर बोलले. ‘होतो’ हा शब्द तीनशे माणसांनी ऐकला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचं भाषण आलं, शालीचा फोटो आला, वाटेतल्या झाडांची नावंसुद्धा आली. विहिरीवरचं एक अक्षर नाही. बातमी मी लिहून दिली होती, त्यात सगळं होतं. कुणी कापलं ते कळलं नाही. मी त्या दिवशी समितीतून नाव काढलं. उशीर झाला होता.

तानुबाई तीन आठवडे थांबल्या. छापून येईल असं त्यांना वाटलं होतं. मग वखारीच्या सुट्टीच्या दिवशी त्या आणि युनियनच्या पंधरा बायका पहार घेऊन खडकोळला चालत गेल्या. आमच्याच वाटेनं. ‘चंपेची विहीर’ हा फलक त्यांनी उपटला, मोडला आणि त्याचे तुकडे विहिरीत न टाकता बाहेर रचून ठेवले. तानुबाईंनी बायकांना बजावलं होतं की विहिरीत काही टाकायचं नाही. गावातली माणसं आली, वाद झाला, आणि समितीच्या वतीनं पोलिसांत तक्रार गेली. तोडफोड आणि दमदाटी.

निपाणीच्या ठाण्यात तानुबाईंना बोलावलं तेव्हा जया बेळगावहून आली आणि मीही गेलो. फौजदार धारवाडकडचा, नवीन, त्याला मराठी जेमतेम समजायची. त्यानं समोरची खुर्ची दाखवून कानडीत म्हटलं, हेळव्वा, सांग बाई काय झालं. तानुबाईंना वखारीत चाळीस वर्षांत कानडी चांगली यायला लागली होती. त्यांनी कानडीत सांगायला सुरुवात केली. फौजदार आधी नुसता ऐकत होता, मग त्यानं पेन उचललं. फलक का मोडला, या प्रश्नाचं उत्तर एकेचाळीस सालापासून सुरू झालं. झरा, डोण, लग्न, घागर, दगड. तो मध्ये थांबवून विचारायचा, किती माणसं होती, दगड कुठल्या बाजूनं आला, बाप कुठं होता. बेचाळीस वर्षांत हे प्रश्न तानुबाईंना कुणी विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते. ते पुण्याला राहणारे गृहस्थ तर विचारणारच नव्हते. जबाब साडेतीन पानं झाला. लेखकानं विहिरीवर काय कबूल केलं त्याचा साक्षीदार म्हणून मी खाली सही केली.

मला कानडी लिपी येत नाही. ज्या भाषेविरुद्ध मी पंचवीस वर्षं घोषणा दिल्या, तिच्यात गंगव्वाचं मरण पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं, आणि माझ्या भाषेत तिच्यावर कादंबरी होती. ठाण्यातल्या त्या बाकावर बसून मला संताप आला. आमचा प्रश्न खरा होता, आजही आहे. पण आम्ही तो तोंडावर फडक्यासारखा बांधला होता.

जयाला शाळेत कानडी होती, तिनं जबाबाची नक्कल मिळवली आणि घरी आईला वाचून दाखवली. तानुबाईंनी दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी त्यांनी थांबवलं. गंगव्वाचं वय चौदा लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वखारीत खाडा करून त्या पुन्हा ठाण्यात गेल्या आणि ते सोळा करून घेतलं. फौजदारानं शेजारी बारीक सही केली.

तक्रार महिन्याभरात मागं घेतली गेली. खटला उभा राहिला तर तो जबाब भर कोर्टात वाचला जाणार, हे वकिलांच्या लक्षात आलं होतं. पदयात्रा पुढच्या वर्षी जाहीर झाली नाही, त्याच्या पुढच्याही. फलक परत लागला नाही.

विश्वासरावांचं तानुबाईंना एक पत्र आलं, माझ्या पत्त्यावर. पुढच्या आवृत्तीत योग्य तो उल्लेख करीन, असं लिहिलं होतं. पंच्याऐंशी साली नवी आवृत्ती आली. आत काही बदल नाही. चांदणं तसंच, वळं चांदीचंच. सुरुवातीला दोन ओळी घातल्या होत्या, ‘खडकोळच्या एका भगिनीनं या कथेमागच्या वेदनेची आठवण करून दिली, तिच्या ऋणात आहे.’ मी ते पुस्तक घेऊन तानुबाईंच्या घरी गेलो. आता त्यांची छाती फार भरत होती, वखार सुटली होती, आणि जया त्यांना बेळगावला न्यायच्या तयारीत होती. जयानं दोन ओळी वाचल्या. तानुबाईंनी विचारलं, नाव कुठं हाय. नाव नाही, ती म्हणाली.

“नाव घातलं असतं तर लोक इचारीत आलं असतं,” तानुबाई म्हणाल्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत आम्ही थांबलो. “माजं नगं. तिचं तरी घालायचं.”

मग त्यांनी मला, बसा मास्तर, म्हटलं आणि जयाला चहा ठेवायला सांगितलं. पुस्तक त्यांनी परत माझ्या हातात दिलं. नंतर बोलणं झालं ते बेळगावच्या खोलीचं. ती वरच्या मजल्यावर होती आणि पाणी खालून आणावं लागणार होतं. जया म्हणत होती की आई, तू आणायचं नाहीस, मी आणीन. आणि तानुबाई तिला पुन्हा पुन्हा विचारत होत्या की नळ कुणाचा आहे, मालकाचा की सगळ्यांचा, आणि तसं आधी कागदावर लिहून घेतलंय का.